कपडे मुलांचे, आवड कुणाची?

दिवाळी आठवड्यावर आली की छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, पैठण गेट, औरंगपुरा आणि निराला बाजार या भागांत पाय ठेवायला जागा उरत नाही. रमजानच्या अखेरच्या दिवसांत सिटी चौक आणि शहागंजात तीच गर्दी असते. १४ एप्रिलच्या भीमजयंतीपूर्वीही नव्या कपड्यांसाठी घराघरांतून माणसे बाहेर पडतात. सण कोणताही असो, दुकानातील एक प्रसंग ठरलेला. आईच्या हातात जरीकाठाचा कुर्ता-पायजमा असतो आणि बारा वर्षांच्या मुलाची नजर समोर टांगलेल्या काळ्या हुडीवर खिळलेली असते. 'सणासुदीला काळं?' हा आईचा प्रश्न आणि 'मग मला काहीच नको' हे मुलाचे उत्तर. अनुभवी दुकानदार कुणाचीच बाजू न घेता आणखी चार जोड उलगडून दाखवतो. अखेर कुर्ता घेतला जातो, पाडव्याला तासभर अंगावर राहतो आणि कपाटाच्या तळाशी जातो. पुढच्या दिवाळीपर्यंत तो आखूड झालेला असतो.

हा प्रसंग क्षुल्लक वाटतो आणि एरवी तो क्षुल्लकच असतो. मात्र तोच वाद दर सणाला, दर लग्नाला आणि पुढे रोज सकाळी कॉलेजला निघताना होऊ लागला, की त्याला निराळे वळण लागते. घरात शब्द वाढतात, दारे आपटली जातात, मुले गप्प होतात. मुलांना स्वतःचे कपडे निवडू द्यावेत का, द्यावेत तर कोणत्या वयापासून आणि कुठवर, हा प्रश्न म्हणूनच पालकत्वाच्या मोठ्या प्रश्नांइतकाच विचारपूर्वक हाताळावा लागतो.

एकच कपडा, दोन अर्थ

या वादाची मेख कोठे आहे, याचे उत्तर मानसशास्त्राने बऱ्यापैकी स्पष्टपणे दिले आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेटाना यांनी १९८० च्या दशकापासून किशोरवयीन मुले आणि त्यांचे पालक यांच्यातील रोजच्या भांडणांचा अभ्यास केला. खोली आवरणे, केस, कपडे, मित्रमंडळी असेच या भांडणांचे विषय होते. त्यांच्या अभ्यासातून पुढे आलेला मुद्दा महत्त्वाचा आहे. अशा बाबींकडे पालक समाजाची रीत म्हणून पाहतात. मुले मात्र त्यांना स्वतःचा खासगी प्रांत मानतात. चोरी, खोटेपणा, दुसऱ्याला इजा करणे अशा नीतीच्या प्रश्नांत पालकांचा अधिकार मुलेही बव्हंशी मान्य करतात. कपड्यांच्या बाबतीत तोच अधिकार त्यांना अतिक्रमण वाटतो.

म्हणजे आई आणि मुलगा एकाच हुडीबद्दल बोलत असले, तरी ते एकाच गोष्टीबद्दल बोलत नसतात. आईच्या मनात मामेबहिणीच्या साखरपुड्याला जमणारे नातेवाईक असतात. मुलाच्या मनात आरशात दिसणारा तो स्वतः असतो. आईला वाटते, मूल रीतभात मोडते आहे. मुलाला वाटते, आई आपल्यालाच नाकारते आहे. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. भांडणाचा विषयच वेगवेगळा असल्यामुळे कितीही वाद घातला तरी निकाल लागत नाही.

काळ्या रंगाचेच पाहा. सणाला, शुभकार्याला काळे नको असे म्हणणाऱ्या मराठी घरातच मकर संक्रांतीला हौसेने काळे कपडे घेतले जातात, आणि लहानग्याला काळे झबले व हलव्याचे दागिने घालून त्याचे बोरन्हाण केले जाते. थंडीच्या दिवसांत काळा रंग ऊब धरतो, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. तेव्हा काळा रंग मुळातच वाईट नाही. कोणत्या प्रसंगी काय घालावे, याचा तो संकेत आहे. संकेत समजावून सांगता येतो. 'काळं म्हणजे अभद्र' एवढेच सांगितले, तर संक्रांतीच्या फोटोकडे बोट दाखवणाऱ्या मुलाला उत्तर देणे कठीण जाते.

मशरूच्या शहरात

कपड्यावरचे निर्बंध आणि कपड्याची हौस यांचा मेळ घालण्याचा या शहराचा अनुभव जुना आहे. २०२३ मध्ये शहराचे नाव बदलले. त्याआधी औरंगाबाद या नावाने ते हिमरू आणि मशरू या वस्त्रांसाठी देशभर ओळखले जात होते. हिमरू हे सूत आणि रेशीम यांच्या मिश्र विणीचे वस्त्र. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा विणकर या भागात आले, अशी परंपरा सांगितली जाते. मशरूची कथा अधिक बोलकी आहे. इस्लामी धर्मशास्त्रानुसार पुरुषांना शुद्ध रेशीम अंगाला लावण्याची मनाई होती. रेशमाची हौस तर होतीच. मग विणकरांनी असे कापड विणले, की त्याचा दर्शनी भाग रेशमाचा आणि अंगाला लागणारा भाग सुताचा. 'मशरू' या अरबी शब्दाचा अर्थच मुळी 'धर्माला मान्य' असा आहे. नियम पाळला गेला आणि हौसही भागली.

याच परिसराशी नाते असलेली आणखी एक आख्यायिका पिता आणि कन्येची आहे. औरंगजेबाची कन्या एकदा इतक्या तलम मलमलीत त्याच्यासमोर आली, की तो संतापला आणि अंगभर कपडे न घातल्याबद्दल तिला बोल लावू लागला. त्यावर, आपण या वस्त्राचे सात थर अंगावर घेतले आहेत, असे उत्तर तिने दिले, असे सांगतात. काही कथनांत ही कन्या म्हणजे कवयित्री झेबुन्निसा. तिचा जन्म १६३८ मध्ये दौलताबादला झाला होता. ही कथा घडलेली असो वा ढाक्याच्या मलमलीची थोरवी सांगण्यासाठी रचलेली असो, तिच्यातील भांडण आजच्या कोणत्याही घरातले आहे. बापाला दिसते ते कापडाचे पातळपण; मुलीला ठाऊक असतात ते सात थर.

प्रत्येक पिढीची 'नवी फॅशन'

आज ज्यांना 'आपले पारंपरिक कपडे' म्हटले जाते, त्यांतील बरेचसे एकेकाळी वादाचे विषय होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरी मराठी घरांतील तरुण मुली नऊवारी लुगडे सोडून पाचवारी, सहावारी साडी नेसू लागल्या, तेव्हा अनेक सासवांना आणि आज्यांना ते रुचले नाही. निजामाच्या राजवटीत औरंगाबादेतील सरकारी कचेऱ्यांत आणि शिकलेल्या वर्गात शेरवानीला मान होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला आणि पुढच्या काही वर्षांत बुशशर्ट आणि पँट हा नोकरदारांचा वेश झाला. आजोबांचे धोतर नातवाच्या पिढीत केवळ लग्नमुंजीपुरते उरले.

सलवार-कमीजचा प्रवास तर अनेक आयांच्या स्वतःच्या आठवणीतला आहे. ती मराठी घरांत आली, तेव्हा तिला 'पंजाबी ड्रेस' म्हटले जाई. या नावातच तिचे परकेपण होते. परकर-पोलक्यातून थेट साडीत जाणाऱ्या मुलींनी मध्येच हा वेश स्वीकारला, तेव्हा कित्येक घरांत कुरबुर झाली. आज तोच पोशाख 'साधा, सालस, घरंदाज' मानला जातो आणि जीन्सला पर्याय म्हणून आईच तो मुलीपुढे ठेवते. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटानंतर ठिपक्यांच्या कापडाला 'बॉबी प्रिंट' म्हणण्याची पद्धत पडली. त्याच दशकात अमिताभ बच्चनसारखे कानावर केस ठेवण्यावरून कित्येक मुलांनी वडिलांची बोलणी खाल्ली. ती मुले आज आजोबा आहेत.

लहान मुलांच्या डंगरीकडे आजी-आजोबा परदेशी फॅशन म्हणून पाहतात. प्रत्यक्षात हा शब्द मुंबईतील डोंगरीच्या नावावरून गेला आहे. तेथे विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडाला डोंगरी म्हणत. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि तो जगभर फिरून पुन्हा आपल्या दुकानांत आला. जीन्सही मुळात श्रमिकांचा पोशाख. लेव्ही स्ट्राउस आणि जेकब डेव्हिस यांना तांब्याचे रिव्हेट लावलेल्या पँटसाठी अमेरिकेत १८७३ मध्ये पेटंट मिळाले, ते कष्टाच्या कामात खिसे आणि शिवणी उसवू नयेत म्हणून. कपड्यांचे अर्थ असे सतत बदलत असतात आणि प्रत्येक पिढीला आपला अर्थ तेवढा कायमचा वाटतो.

पालकांचा आग्रह येतो कुठून?

एवढे असले, तरी पालकांचा आग्रह हा निव्वळ हटवादीपणा समजणे चुकीचे ठरेल. मराठवाड्यात तर त्यामागे मोठा सामाजिक इतिहास आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना पोशाखाबद्दल मुद्दाम सांगितले होते. जातीची ओळख पटवणारे जाडजूड दागिने टाकून द्यावेत, लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे पायघोळ नेसावे, वस्त्र फाटके असले तरी चालेल पण ते स्वच्छ असावे, असा त्यांचा उपदेश होता. ज्यांनी काय नेसावे आणि किती नेसावे हे शतकानुशतके इतरांनी ठरवले, त्यांच्यासाठी नीटनेटका पोशाख ही स्वाभिमानाची खूण होती. पुढे १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले आणि नागसेनवनाच्या परिसरात खेड्यापाड्यांतील मुले शिकू लागली. मिलिंद महाविद्यालय या नावाने ते ओळखले जाते. धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट या मुलांच्या घरी कोणत्या मोलाचा होता, हे सांगायला नको.

अशा घरातील आजोबांना नातवाची गुडघ्यावर फाटलेली जीन्स पाहून त्रास झाला, तर तो समजून घेण्यासारखा आहे. फाटका कपडा घालावा लागू नये म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्यासमोर नातू पैसे मोजून फाटका कपडा विकत आणतो. दुष्काळ सोसलेल्या शेतकरी कुटुंबांतही हीच भावना असते. थोरल्याचे कपडे धाकट्याने घालायचे, दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे शर्ट शिवायचे आणि ते 'वाढत्या अंगाचे' शिवायचे, ही ज्यांची बालपणीची रीत, त्यांना कपाटात वीस टी-शर्ट असूनही 'घालायला काहीच नाही' म्हणणारे मूल कोड्यात टाकते. हा इतिहास मुलांना कुणीतरी सांगायला हवा. तो सांगितला जात नाही आणि 'हे काय भिकाऱ्यासारखं?' एवढेच वाक्य मुलाच्या वाट्याला येते.

दुसरे कारण 'लोक काय म्हणतील' हे. याची टिंगल करणे सोपे आहे. पण मुलांच्या कपड्यांवरून लोक खरोखरच बोलतात आणि ते बहुधा आईला बोलतात. मार्च २०२१ मध्ये उत्तराखंडच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी विमानप्रवासात भेटलेल्या, गुडघ्यावर फाटलेली जीन्स घातलेल्या एका स्त्रीचे उदाहरण देऊन, ती मुलांवर कोणते संस्कार करणार, असा प्रश्न जाहीरपणे केला होता. त्यावरून देशभर वाद पेटला. एका कपड्यावरून बाईचे आईपणच तपासले गेले, हे त्यातले ध्यानात घेण्याजोगे. मुलीच्या कुर्तीच्या लांबीवरून जिच्या संस्कारांचा हिशेब होतो, ती आई लांबीबाबत दक्ष राहणारच. हा जाच तिने मुलीपर्यंत पोचवायचा की स्वतःपाशी थांबवायचा, हा मात्र तिच्या हातातला निर्णय आहे.

वय वाढते तशी निवड वाढावी

निवडीचे स्वातंत्र्य ही एकदम हाती सोपवण्याची वस्तू नाही. ती सवय आहे आणि ती फार लवकर लावता येते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बालविकासाचे टप्पे मांडले. त्यांत साधारण दीड ते तीन वर्षे हा काळ स्वायत्ततेचा मानला आहे. 'मीच घालणार', 'हे नको' ही या वयाची भाषा. या वयातील मुलाला 'काय घालायचं?' असे विचारले, तर ते गोंधळते. 'निळा शर्ट की पिवळा?' असे विचारले, तर ते आनंदाने बोट दाखवते. दोन्ही कपडे आईनेच निवडलेले असतात, तरी शेवटचा शब्द मुलाचा राहतो.

चार ते सात या वयात मुले उलटे शर्ट घालतात, बटणे वरखाली लावतात, एखादा सुपरहिरोचा पोशाख आठवडाभर अंगावरून उतरवत नाहीत. यात बिघडत काहीच नाही. कपाटाचा खालचा कप्पा मुलासाठी ठेवून त्यात ऋतुमानाला योग्य तेवढेच कपडे ठेवले, तर रोजची निम्मी भांडणे टळतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या या शहरात त्या कप्प्यात सुती कपडेच असले, की मुलाने त्यातले कोणतेही काढावे. काही मुलांना जरीचा काठ, लोकर, मानेवरचे लेबल किंवा जाड शिवण खरोखरच सहन होत नाही. 'टोचतंय' या तक्रारीला नखरा म्हणण्याआधी कपड्याची आतली बाजू हाताने चाचपून पाहावी.

आठ ते बारा या वयात पैशाचा हिशेब शिकवता येतो. सणाच्या खरेदीपूर्वीच ठराविक रक्कम सांगून तीत एक महागडा कपडा घ्यायचा की दोन साधे, हे मुलाला ठरवू द्यावे. महागडा घेऊन पुढे पस्तावला, तर तो पस्तावाही शिक्षणच. आईवडिलांनी लगेच दुसरा कपडा घेऊन दिला, तर मात्र शिकवणी फुकट जाते.

तेराव्या वर्षानंतर चित्र पालटते. शरीर बदलत असते आणि सगळे जग आपल्याकडेच पाहत आहे, अशी भावना बळावते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये या भावनेला 'काल्पनिक प्रेक्षकवर्ग' असे नाव दिले. आज इन्स्टाग्रामच्या जमान्यात तो वर्ग पूर्वीइतका काल्पनिकही राहिलेला नाही. या वयात मित्रमैत्रिणींसारखे दिसणे ही मुलांची गरज असते. पालकांनी चेष्टा केलेला कपडा मुले विसरतात, चेष्टा विसरत नाहीत. विशेषतः मुलीच्या जाडीवर, रंगावर किंवा बांध्यावर बोट ठेवून 'तुला हे शोभत नाही' असे म्हणणे वर्षानुवर्षे मनात सलत राहते.

एका बाबतीत मात्र पालकांनी सावध असावे. एरवी मोकळे कपडे घालणारे मूल अचानक भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा हट्ट धरू लागले, अंग झाकू लागले किंवा कपड्यांकडे पूर्ण दुर्लक्ष करू लागले, तर ती फॅशन नसून मनातील त्रासाची खूण असू शकते. अशा वेळी रागावण्यापेक्षा शांतपणे जवळ बसून विचारावे आणि आवश्यक वाटल्यास समुपदेशकाची मदत घ्यावी.

मुलगा आणि मुलगी

घरातील कपड्यांचे नियम मोजून पाहिले, तर मुलासाठी दोन आणि मुलीसाठी दहा निघतात. मुलगा बर्म्युडा घालून दूध आणायला जातो; त्याच वयाच्या बहिणीला गेटपर्यंत जायलाही ओढणी घ्यावी लागते. मुलीच्या सुरक्षिततेची काळजी खरी आहे. परंतु छेडछाड अंगभर कपडे घातलेल्या मुलींचीही होते, हे प्रत्येक आईला अनुभवाने ठाऊक असते. 'तू असे कपडे घातलेस म्हणून' हे वाक्य एकदा घरात उच्चारले गेले, की उद्या खरोखर काही घडले तर ती मुलगी घरी सांगत नाही. हा धोका आखूड कपड्याच्या धोक्याहून मोठा आहे.

मुलांवरही बंधने असतात, ती निराळ्या जातीची. गुलाबी शर्ट मागणाऱ्या मुलाला 'मुलीसारखा' म्हटले जाते. रंगांची ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. १९१८ मध्ये अमेरिकेतील बालवस्त्रांविषयीच्या एका व्यापारी नियतकालिकाने अगदी उलट सल्ला दिला होता. गुलाबी हा ठळक रंग असल्यामुळे तो मुलांना शोभतो आणि निळा नाजूक असल्यामुळे मुलींना, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडे तर नवरदेवाच्या फेट्याला गुलाबी रंग कधीच वर्ज्य नव्हता.

गणवेशाचा धडा

निवडीचा प्रश्न जेथे मिटतो, ते ठिकाण म्हणजे शाळा. गणवेशामुळे गरीब-श्रीमंत भेद निदान वर्गात झाकला जातो, हा त्याचा मोठा गुण. सरकारी शाळांतील पात्र विद्यार्थ्यांना समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला दोन मोफत गणवेश मिळतात. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात महाराष्ट्रात 'एक राज्य एक गणवेश' ही योजना राबवण्यात आली. गणवेश उशिरा पोचले, मापे चुकली अशा तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवला. सगळ्यांचा कपडा एक असला, तरी माप प्रत्येकाचे वेगळेच घ्यावे लागते.

गणवेशाचा आणखी एक धडा पालकांच्या कामाचा आहे. एरवी बंडखोर असणारी मुलेही गणवेशाविरुद्ध क्वचितच तक्रार करतात, कारण नियम सर्वांना सारखा असतो आणि आधी ठाऊक असतो. 'नीट' परीक्षेला जाताना अर्ध्या बाह्यांचे साधे कपडे आणि चप्पल घालण्याची अट आहे. ती जाचक वाटली, तरी गैरप्रकार रोखण्यासाठी आहे हे कारण उघड असल्याने मुले ती पाळतात. घरातील नियमही असेच थोडे, सकारण आणि आगाऊ सांगितलेले असावेत. दारातून बाहेर पडताना, मैत्रीण खाली गाडी घेऊन उभी असताना काढलेला नियम कुणीही मानत नाही.

'नाही' कुठे म्हणावे?

स्वातंत्र्य म्हणजे पालकांनी हात झटकणे नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या आणि भारताने १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात, मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत ऐकून घ्यावे आणि वय व समज यांनुसार त्याला वजन द्यावे, असे म्हटले आहे. ऐकून घेणे बंधनकारक आहे. प्रत्येक वेळी मान्य करणे नाही.

काही ठिकाणी ठाम नकार आवश्यकच असतो. दिवाळीत फटाक्यांजवळ नायलॉनचे किंवा घोळदार कपडे नकोत. तेथे सुतीच हवेत. दुचाकीवर मागे बसताना ओढणी, लांब पदर किंवा घोळ चाकात अडकून गंभीर अपघात होतात, तेव्हा ओढणी बांधून किंवा काढूनच बसावे. लहान बाळांच्या कपड्यांना गळ्याशी लांब नाड्या नसाव्यात. घराच्या ऐपतीबाहेरचा ब्रँड मागितला, तर मिळकतीचा खरा आकडा सांगून नाही म्हणावे. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

उरतो तो प्रसंगाचा मान. दुखवट्याच्या घरी, मंदिर-दर्गा-विहारात किंवा आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला काय घालावे, हा इतरांच्या भावनांचा प्रश्न आहे. तेथे पालकांचा शब्द चालावा आणि मुलांनीही तो चालू द्यावा. त्या बदल्यात वाढदिवस, सहल, मित्रांचा कट्टा आणि सुटीचा दिवस यांत मुलांचा शब्द चालावा. लग्नाचा बस्ता बांधतानाही मधला मार्ग निघू शकतो. मुख्य विधीला घराच्या पसंतीचे, स्वागत समारंभाला मुलाच्या पसंतीचे, असे आधीच ठरले तर दुकानात कुणालाही आवाज चढवावा लागत नाही.

दोन पिशव्या

हे जमले नाही तर काय होते, ते या शहरात दर सुटीला पाहायला मिळते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून मुले-मुली येथे शिकायला येतात, वसतिगृहांत राहतात. येथे जीन्स-टॉपमध्ये वावरणारी मुलगी गावाकडे जाणारी एसटी पकडण्यापूर्वी सलवार-कमीज घालते. कॉलेजचे कपडे मैत्रिणीच्या कपाटात राहतात. शहरातच राहणारी काही मुलेही घरून एका वेशात निघतात आणि पिशवीतला दुसरा वेश बाहेर कोठेतरी चढवतात. पालक समजतात, आपले ऐकले. मुलांना कळते, घरी दाखवायचा चेहरा वेगळा ठेवला की निभावते.

कपड्यांच्या बाबतीत ही लपवाछपवी निरुपद्रवी असेल. मात्र जे मूल शर्ट लपवायला शिकते, ते पुढे नापास झालेला विषय, फोनवर कुणीतरी देत असलेला त्रास किंवा मोडलेले मन लपवायलाही तीच पिशवी वापरते. ज्या घरात हुडीबद्दल मोकळेपणे भांडता येते, त्या घरात या गोष्टीही कधी ना कधी बोलल्या जातात. पालकांनी एखाद्या कपड्यावरची हार पत्करावी ती यासाठी.

या शहराच्या विणकरांनी मशरू विणताना आतली बाजू आणि बाहेरची बाजू वेगळी ठेवली, पण कापड एकच ठेवले. येत्या सणाच्या खरेदीला निघण्यापूर्वी पालकांनी घरातच दोन गोष्टी सांगून टाकाव्यात. खर्चाची मर्यादा किती आणि कोणत्या एका प्रसंगासाठी घराच्या पसंतीचे कपडे हवेत, एवढेच. बाकीची निवड मुलावर सोडावी. त्याने काळी हुडी उचलली, तर ती उचलू द्यावी. संक्रांत काही फार लांब नसते.